चहा-बिस्किटाऐवजी काय? घरच्याच ज्वारी-शेंगदाण्यातून लेकरांचा दहा मिनिटांत नाश्ता

सोलापूर : खुरपणीला, कांदा काढणीला जाणाऱ्या बायकांची गाडी सकाळी आठ-नवाला पारापाशी येऊन हॉर्न वाजवते. त्याच्या आधी पाणी भरणं, जनावरं, धारा, मोठ्या पोरांचे डबे. या घाईत घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या वाट्याला काय येतं? बशीतला चहा आणि बिस्किटाचा पुडा. पोरगं गप बसतं, पोट भरल्यासारखं दिसतं, म्हणून कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही. दुपारी अंगणवाडीतून आलं की दुकानातला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. मग संध्याकाळी आई म्हणते, "आमचं बाळ जेवतच नाही."

जेवणार कुठून? बिस्किटात मुख्य माल म्हणजे मैदा, साखर आणि तेल. त्याने भूक मरते, पण अंगाला लागत नाही. चहाचं आणखी एक आहे. चहातल्या तुरट घटकामुळे भाकरी-भाजीतलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. म्हणजे पोरगं भाकरी खातंय, पण सोबत चहा पितंय, तर त्या भाकरीतलं बरंचसं लोह वाया जातं. लहान लेकराला चहा नकोच. सवय लागलीच असेल तर निदान जेवणाच्या आगेमागे तासभर तरी देऊ नका.

हा प्रश्न दोन-चार घरांचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० पैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत १०० पैकी जवळजवळ ६९ जणांच्या अंगात रक्त कमी होतं. यात सगळी गरिबाघरचीच मुलं होती असं नाही. दूध डेअरीला जातं, ज्वारी कणगीत असते, शेंगा पोत्यात असतात आणि पोरगं बिस्किटावर, असंही असतं.

आपल्या जिल्ह्यात हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बार्शीची तूरडाळ आणि सोलापूरची शेंगा चटणी सगळीकडे विकली जाते. ज्वारी, डाळ आणि शेंगदाणा एकत्र आले की लेकराच्या वाढीला लागणारं बरंचसं त्यात येतं. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं, तर तेवढ्याच शेंगदाण्यात २४ ग्रॅमच्या आसपास. ज्वारीच्या प्रथिनात जी उणीव असते ती डाळ भरून काढते. म्हणून नुसती भाकरी आणि भाकरीबरोबर वरण, यात फरक पडतो.

पोट लहान, म्हणून घास दाट

वर्षभराच्या लेकराच्या पोटात एका वेळी वाटी-सव्वा वाटीच मावतं. ती वाटी डाळीच्या वरच्या पाण्याने किंवा भाताच्या पेजेने भरली तर पोटात पाणीच गेलं. खाणं चमच्यावर टिकेल इतकं दाट हवं, आणि त्यात चमचाभर तेल किंवा तूप हवं. पोट लहान असल्यामुळे वेळाही जास्त लागतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, आणि मध्ये एखादं फळ किंवा खाऊ. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवायचं.

सगळ्यात कमी वेळाचं खाणं म्हणजे भाकरीचा काला. सकाळची ताजी भाकरी बारीक कुस्करायची, त्यावर गरम वरण किंवा दूध, वर दोन चमचे शेंगदाण्याचं कूट आणि थोडं तूप. दोन मिनिटांत तयार. कडक भाकरी घरात असेल तर ती दुधात छान भिजते. शेंगा चटणी मात्र लेकराला तिखट लागते. चटणी कुटताना लसूण-तिखट घालण्याआधी वाटीभर कूट वेगळं काढून ठेवलं की आठवड्याची सोय झाली.

दुसरी आंबील. रात्री झोपताना वाटीभर ताकात दोन-तीन चमचे ज्वारीचं पीठ कालवून झाकून ठेवा. सकाळी पाण्याला उकळी आणून त्यात हे सोडायचं आणि हलवत सात-आठ मिनिटं शिजवायचं. जिरं, चवीपुरतं मीठ. मोठी माणसं पितात तशी पातळ करू नका. कण्याही तशाच: ज्वारीचा भरडा रात्री भिजवला तर सकाळी लवकर शिजतो. घरातल्या आजीला हे शिकवायची गरज नाही, तिला फक्त विचारा. या दोन्ही गोष्टी जुन्याच आहेत, मधल्या काळात पुड्यांमुळे मागे पडल्या.

तिसरं, भाजलेलं पीठ. चार वाट्या ज्वारी, दोन वाट्या मुगाची डाळ आणि अर्धी वाटी शेंगदाणे वेगवेगळे मंद आचेवर खमंग भाजायचे. शेंगदाण्याची टरफलं काढून सगळं बारीक दळायचं. सकाळी तीन चमचे पीठ पाण्यात किंवा दुधात कालवून पाच मिनिटं शिजवलं की दाट खीर होते. वर्षावरच्या मुलाला थोडा गूळ चालतो. शेंगदाण्यामुळे पीठ लवकर खवट होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच करा.

दोन वर्षांवरची पोरं हाताने खातात, त्यांना धिरडं आवडतं. ज्वारीच्या पिठात मूठभर बेसन, बारीक चिरलेली मेथी नाहीतर शेवग्याचा पाला, हळद, मीठ. बांधावरचा शेवगा शेळ्यांना जातो, त्यातली मूठभर पानं तव्यावर आली तर बरंच आहे. वर लिंबू पिळा. लिंबू, पेरू, आवळा असं आंबट काही सोबत असलं की भाजीतलं लोह जास्त लागू पडतं. सांगोला-पंढरपूर भागात बाजारात न चालणारं डागी डाळिंब आतून चांगलं असेल तर लेकरांसाठी ठेवावं. फवारणी ताजी नाही ना ते बघून, धुऊन.

अंडं चालत असलेल्या घरात तर प्रश्नच मिटतो. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, उकडायला दहा मिनिटं. पुड्याच्या पैशात थोडी भर घातली की एक अंडं येतं.

इथे मात्र जपून

कडधान्याला मोड आणून, वाळवून, भाजून केलेलं पीठ पचायला हलकं. मूग, मटकी, नाचणी, गहू चालेल. ज्वारीला मात्र मोड आणू नका. ज्वारीचा कोवळा पोंगा खाऊन जनावराला किराळ लागते हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तो विषारी घटक ज्वारीच्या कोवळ्या मोडातही असतो. साध्या ज्वारीच्या पिठाला ही भीती नाही.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. घशात अडकले तर जिवावर बेततं. कूट किंवा मऊ लाडू द्या. काळपट, बुरशी लागलेले, कडवट शेंगदाणे निवडून टाका, भाजले तरी त्यातलं विष जात नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायची पद्धत काही घरांत आहे, ती बंद करावी. त्यातून क्वचित पण गंभीर आजार होतो. पहिलं वर्ष वरून मीठ-साखरही नको.

हे सगळं एकट्या आईवर टाकून चालणार नाही. ती सहा वाजल्यापासून पायावर असते. रात्री पीठ ताकात कालवणं, कूट करणं, अंडं उकडणं याला बापाचे हात चालतात. सकाळी भरवायला आजी-आजोबा असतात. लेकरू मोबाईल बघत खात असेल तर तो आधी बाजूला ठेवायचा, नाहीतर पोट भरलं की नाही हे त्यालाच कळत नाही.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजा आहार मिळतो, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार. तो पूरक आहे, म्हणजे घरच्या खाण्यावर वाढीव. काही घरांत तो म्हशीपुढे जातो, तसं करू नका. दर महिन्याला वजन करून घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा. सेविकेकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर खाण्याकडे लगेच लक्ष द्या. साडेअकराच्या खाली असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. जुलाब, ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन आठवडे रोज एक वेळचं खाणं जास्तीचं द्या. आजारात उतरलेलं वजन त्या दिवसांतच भरून निघतं.