तापीकांठची अणुभट्टी आणि लोकांचा विश्वास

मेहरूणच्या तलावाकांठीं राहणाऱ्या आम्हां खानदेशवासीयांस अणुशक्ति ही दूरदेशची गोष्ट वाटते. परंतु भुसावळावरून वाहणारी आपली तापी पुढें गुजराथेंत काक्रापार येथें पोहोंचते, व तिच्याच पाण्यावर तेथील अणुविद्युत्केंद्र चालतें.

या केंद्रांत युरेनियमचे अणु फुटून उष्णता उत्पन्न होते. नळ्यांतून फिरणारें जड पाणी ती वाहून नेतें. तिच्या योगें वाफ होऊन वीज निघते. भट्टी बंद केली तरी इंधनाची उष्णता तत्काळ शमत नाहीं. म्हणून पाण्याचा प्रवाह अखंड राहणें हेंच सुरक्षिततेचें मर्म होय. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमा येथें समुद्राच्या लाटांनीं ही व्यवस्था बंद पाडली व तीन भट्ट्यांतील इंधन वितळलें. बरोबर पांच वर्षांनीं, ११ मार्च २०१६ रोजीं, काक्रापारच्या पहिल्या भट्टीची एक नळी चिरून जड पाणी गळूं लागलें. भट्टी आपोआप बंद झाली व सुमारें दहा दिवसांनीं गळती थांबली. बाहेर किरणोत्सर्ग मर्यादेंतच राहिला, असें अधिकाऱ्यांनीं जाहीर केलें.

हें विधान लोकांनीं खरें कां मानावें? किरणोत्सर्गास रंग नाहीं, गंध नाहीं. शेतकऱ्यास विहिरीचें पाणी चाखून त्याची परीक्षा करतां येत नाहीं. त्यास दुसऱ्याच्या शब्दावरच विसंबावें लागतें. आणि शब्दाची किंमत पूर्वीच्या वर्तनावरून ठरते. जून १९९४ मध्यें अतिवृष्टीचें पाणी याच केंद्रांत शिरलें. एका कर्मचाऱ्यानें त्याविषयीं वृत्तपत्रास पत्र लिहिलें. त्यास कामावरून दूर करण्यांत आलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही त्याचें अपील फेटाळलें. शिस्तीच्या दृष्टीनें निवाडा योग्य असेल. परंतु बोलणारा गेला, एवढेंच शेजारच्या गांवांच्या लक्षांत राहतें.

रशियाच्या सोव्हिएत सरकारनें २६ एप्रिल १९८६ चा चेर्नोबिलचा स्फोट दोन दिवस जगापासून लपविला. स्वीडनमधील यंत्रांनीं तो उघड केला. पुढें त्या सरकारचें खरें बोलणेंही लोकांस खोटें वाटूं लागलें.

यास्तव आमचें मत असें कीं, अपघातापेक्षां मौन अधिक घातक होय. मोजमापाचे आंकडे गांवोगांवच्या चावडीवर, लोकांच्या भाषेंत, नित्य लागले पाहिजेत. केवळ संकटकाळीं नव्हे. नदीस पूर आला म्हणजे दवंडी पिटण्याची आपली जुनी चाल आहे. दवंडीनें पूर ओसरत नाहीं. परंतु ती वेळेवर व खरी निघाली, तर पुढील खेपेस गांव तिच्या शब्दावर घर सोडतें.