खेळयंत्राच्या दारावरचा परवलीचा शब्द

ज्या घरांत १९९५ ते २००५ या काळात मुले वाढली, त्यांतल्या काही घरांच्या माळ्यावर अजून एक करड्या रंगाची चपटी पेटी सापडेल. वर गोल झाकण, पुढे दोन खेळाडूंच्या तारा जोडण्याच्या खाचा. हे सोनी कंपनीचे पहिले प्लेस्टेशन. मुले मोठी झाली, नोकरीधंद्याला लागली, आणि एखाद्या सुटीत कोणी तरी ती पेटी खाली काढून पुसतो. टेलिव्हिजनला जोडतो. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेली तबकडी आत घालतो, आणि पेटी ती वाचायलाच नकार देते. तबकडी अस्सल, पेटीही अस्सल. मग नकार कशाचा? चौकशी केली की कोणी तरी जाणकार सांगतो, "अहो, त्यात चिप बसवून घ्या." ही चिप म्हणजे काय, ती नेमके काय करते, ती कशी बसवतात आणि कधी बसवू नये, हे आज आपण पाहू.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. प्लेस्टेशन जपानात ३ डिसेंबर १९९४ रोजी विक्रीला आले. अमेरिकेत आणि युरोपात ते पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात पोहोचले. २००६ साली त्याचे उत्पादन थांबले, तोपर्यंत दहा कोटींहून अधिक यंत्रे जगभर गेली होती. त्याआधीची बरीच खेळयंत्रे प्लास्टिकच्या डबीतल्या महागड्या कार्ट्रिजवर चालत. प्लेस्टेशनने गाण्यांच्या सीडीसारखीच स्वस्त तबकडी घेतली. पण स्वस्त तबकडीबरोबर एक काळजीही आली. सीडीची नक्कल करणारी उपकरणे त्याच सुमारास घराघरांत येऊ लागली होती. तेव्हा कारखान्यात छापलेली तबकडी कोणती आणि घरी उतरवलेली कोणती, हे यंत्राला ओळखता येणे जरूर होते.

त्यासाठी योजलेली युक्ती मोठी मौजेची आहे. सीडीवरची माहिती एका लांबलचक नागमोडी वाटेवर, आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या चक्रीवर, लिहिलेली असते. लेसर किरण त्या वाटेवरून चालतो. प्लेस्टेशनच्या अस्सल तबकडीत, अगदी आतल्या प्रारंभीच्या भागात, ही वाट मुद्दाम किंचित थरथरती ठेवलेली असते. सेकंदाला सुमारे बावीस हजार हेलकावे, तेही डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. हे हेलकावे कधी असतात, कधी नसतात. आणि त्या असण्या-नसण्यातून, सेकंदाला २५० खुणा या संथ गतीने, चार अक्षरे उमटत राहतात. जपानी तबकडीत ती एस्-सी-ई-आय, अमेरिकन तबकडीत एस्-सी-ई-ए, आणि युरोपीय तबकडीत एस्-सी-ई-ई. पहिली तीन अक्षरे कंपनीच्या नावाची, चौथे मुलुखाचे. यंत्र सुरू होताना आपल्या मुलुखाची चार अक्षरे ऐकते आणि मगच खेळ चालू करते. एका अर्थी हा परवलीचा शब्दच झाला. जपानी तबकडी युरोपीय यंत्रात का चालत नाही, याचे उत्तर इथे मिळते. तिचा शब्द खरा असतो, पण तो दुसऱ्या वेशीचा असतो.

आता तुम्ही विचाराल, सगळी तबकडी जशीच्या तशी उतरवली तर हा शब्दही उतरणार नाही का? नाही उतरत. कोऱ्या सीडीवर लेसरने लिहायची वाट कारखान्यातच आखून ठेवलेली असते. घरचे उपकरण त्या आखलेल्या वाटेवर खुणा करू शकते. वाट मात्र हलवू शकत नाही. हेलकावे हा वाटेचा गुण आहे, वाटेवरच्या मजकुराचा नव्हे. म्हणून खेळाचा मजकूर पूर्ण उतरतो आणि परवलीचा शब्द मागे राहतो. पुष्कळांना वाटते की प्लेस्टेशनच्या तबकडीचा काळा रंग हेच तिचे कुलूप. तसे काही नाही. सीडी वाचणारा किरण डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त असतो. त्याला तो काळा रंग काचेसारखा पारदर्शकच.

या पहाऱ्यात एक उणीव होती. नाटकगृहाच्या दारावरचा माणूस आत जाताना तिकीट पाहतो, पण तिसऱ्या अंकात खुर्चीशी येऊन पुन्हा विचारत नाही. प्लेस्टेशनचे तसेच. शब्द ऐकायचा तो प्रारंभी. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत काही धीट मंडळी झाकणाची कळ दाबून धरत, अस्सल तबकडी आत फिरवत, तपासणी झाली की फिरती तबकडी उचलून दुसरी बसवत. यात चूक झाली तर तबकडीला ओरखडे आणि फिरकीला दुखापत ठरलेली. चिप निघाली ती या धडपडीला पर्याय म्हणून.

चिप म्हणजे एक इवलासा संगणक. अशा पुष्कळ चिप्स मायक्रोचिप कंपनीच्या पीआयसी १२सी५०८ या आठ पायांच्या तुकड्यावर बनवलेल्या होत्या. त्यात फक्त ५१२ सूचना मावतात आणि कामापुरत्या टिपणासाठी २५ बाइट जागा असते. पण चार अक्षरे पुनःपुन्हा म्हणायला एवढी बुद्धी पुरे! यंत्र जिथे हेलकाव्यांचा आवाज ऐकत असते, त्या तारेवर ही चिप बसते. तबकडीकडून येणारा आवाज ती दाबून टाकते आणि त्याच ठेक्यात आपला शब्द म्हणते. तिला सांगितले असेल तर तिन्ही मुलुखांचे शब्द ओळीने म्हणते. लक्षात घ्या, चिप कुलूप फोडत नाही आणि खेळाच्या मजकुरालाही हात लावत नाही. ती फक्त तबकडीच्या वतीने हजेरी देते.

खेळ बनवणाऱ्यांनीही मग आपली चाल केली. १९९९ च्या सुमारास असे खेळ निघाले, की जे मध्येच यंत्राला विचारत, "आता काही शब्द ऐकू येतो का?" ज्या जागी अस्सल तबकडीवर शब्द असायलाच नको, तिथेही चिप बिचारी बडबडत असे, आणि त्या बडबडीनेच ती पकडली जाई. कॅपकॉम कंपनीचा 'डिनो क्रायसिस' हा त्यांतलाच एक खेळ. त्यावर चिपवाल्यांनी तोड काढली. नव्या चिप्स दाराशी शब्द सांगून झाल्या की गप्प बसत. तेव्हा जुन्या यंत्रात कोणी पूर्वीच चिप बसवली असेल आणि एखादा अस्सल खेळही मध्येच सूचना देऊन थांबत असेल, तर तबकडीला दोष देण्यापूर्वी आतली चिप जुन्या पद्धतीची आहे का, ते पाहावे.

आता बसवण्याकडे वळू. सर्वांत आधी सुरक्षितता. करड्या, जुन्या घडणीच्या पेटीत वीजपुरवठ्याची पट्टी आतच असते. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज तिथे गेली की तिच्या मोठ्या धारित्रात तीनशेहून अधिक व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. म्हणून प्लग काढून थांबावे आणि त्या पट्टीला बोट लावू नये. २००० साली आलेल्या लहान, पांढऱ्या पीएस वन पेटीचा वीजपुरवठा बाहेरच्या अडॅप्टरमध्ये असतो. तिथे ही भीती कमी. आणखी एक गोष्ट. जपानी किंवा अमेरिकन पेटी असेल, तर तिच्या पाठीवर छापलेला व्होल्टेज वाचल्याशिवाय ती आपल्या भिंतीतल्या प्लगला लावू नये. बहुधा मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरी पायरी, बिनकामाचे ऑपरेशन टाळण्याची. पेटी उघडण्यापूर्वी तिच्याच मुलुखाची अस्सल तबकडी घालून पाहा. ती चालत नसेल तर आजार वेगळा आहे. सुरुवातीच्या पेट्यांत लेसरची गाडी प्लास्टिकच्या रुळांवर झिजते आणि तबकडी अडखळते. त्या काळी लोक पेटी उलटी ठेवून खेळत ते याचमुळे. घसरत्या लेसरवर चिप हे औषध नव्हे.

तिसरी पायरी म्हणजे बोर्डाचा नंबर वाचणे. मुख्य बोर्डावर पीयू-८, पीयू-१८, पीयू-२२ असा नंबर छापलेला असतो. पीएस वनमध्ये तो पीएम-४१ असा असतो. प्रत्येक बोर्डावर तारा जोडण्याच्या जागा निराळ्या आणि तारांची संख्याही निराळी. शेजाऱ्याच्या पेटीचा नकाशा पाहून आपल्या पेटीत तारा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने दोरा ओवण्यासारखे आहे. चिपला कोणता व्होल्टेज हवा आणि बोर्डावरच्या त्या जागी किती आहे, हेही मीटरने मोजून घ्यावे.

सामान फार लागत नाही. बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न, पातळ सोल्डर, थोडा फ्लक्स, केसासारखी बारीक आवरणाची तार, मीटर, आणि अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात हे सारे मिळते. हात बसलेला नसेल तर आधी एखाद्या मेलेल्या रेडिओच्या बोर्डावर आठवडाभर सराव करा. खरी कसोटी इथे आहे. सोल्डरचे टोक जागेवर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकले, तर बोर्डावरची तांब्याची टिकली उचकटून येते. आणि ती एकदा आली की पेटीचा जीव टांगणीला लागतो. लेसरकडे जाणारी चपटी पट्टीसुद्धा सरळ, न मुडपता सोडवावी. तारा आखूड ठेवाव्यात. चिपखाली दुहेरी चिकटपट्टी लावून ती पक्की करावी, म्हणजे ती हलून भलत्याच जागी टेकणार नाही.

जोडणी झाली म्हणून लगेच बटण दाबू नका. वीजपुरवठा आणि जमीन या दोन टोकांत मीटर लावून, ती कुठे परस्परांना भिडली नाहीत ना, ते तपासा. मग आधी मुलुखाची अस्सल तबकडी, नंतर परमुलुखाची, शेवटी गाण्यांची, या क्रमाने चाचणी घ्या. झाकण उघडे असताना लेसरच्या भिंगात मात्र डोकावू नका. तो दिसत नाही म्हणून निरुपद्रवी नाही.

इतके करूनही काही गोष्टी चिपच्या हातात नसतात. जपानी आणि अमेरिकन खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या पद्धतीचे, तर युरोपातले आणि आपल्याकडच्या जुन्या टेलिव्हिजनचे गणित ५० चे. त्यामुळे परमुलुखाचा खेळ चालला तरी चित्र काळे-पांढरे दिसते किंवा वरखाली सरकते. त्यावर चांगली आरजीबी तार किंवा दोन्ही पद्धती जाणणारा टेलिव्हिजन हा उपाय. शिवाय आता आयर्न तापवण्याची गरज दरवेळी उरलेली नाही. २०२१ पासून मेमरी कार्डावरच्या प्रणालीने बऱ्याच पेट्यांची तपासणी बाजूला ठेवता येते. ज्याचा लेसरच गेला आहे, त्याला तबकडीच्या जागी मेमरी कार्ड वाचणारे उपकरणही मिळते. पेटी मौल्यवान असेल, तर जो मार्ग पुन्हा मागे फिरवता येतो तो आधी निवडावा.

शेवटी कायद्याचा प्रश्न. आणि तो टाळून चालणार नाही. ऑस्ट्रेलियात एका चिप विकणाऱ्यावर सोनीने खटला भरला. तो थेट तिथल्या उच्चतम न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. कारण असे, की हे कुलूप नक्कल करण्याला अडवत नाही. नक्कल आधीच झालेली असते. ते अडवते फक्त खेळणे. पुढल्याच वर्षी तिथला कायदा बदलला. पण मुलुखांची वाटणी राखणाऱ्या कुलपाला त्यातून वगळले गेले. अमेरिकेचा १९९८ चा कायदा मात्र बराच कडक आहे.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे हेतूला महत्त्व आहे. कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी असे केले तर ते या कलमाबाहेर ठेवले आहे. परंतु अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, तपशील यांची पूर्ण नोंद ठेवावी, असेही म्हटले आहे. कलम ५२ प्रमाणे, कायदेशीरपणे जवळ असलेल्या संगणक-प्रणालीची प्रत, ती हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून, काढता येते. म्हणजे स्वतः विकत घेतलेली, झिजत चाललेली तबकडी जपणे ही एक गोष्ट. आणि रस्त्यावरच्या उतरवलेल्या तबकड्यांचा ढीग घरी आणणे ही अगदी दुसरी. चिप दोघांसाठी तोच शब्द उच्चारते. तो कोणासाठी उच्चारायचा, हे पेटीच्या मालकालाच ठरवावे लागते.

आणि चिप बसवलीच, तर एवढे जरूर करा. कागदाच्या चिठ्ठीवर बोर्डाचा नंबर, चिपचा प्रकार, कोणती तार कुठे लावली, आणि तारीख लिहून ती चिठ्ठी पेटीच्या तळाशी बाहेरून चिकटवून ठेवा. दहा वर्षांनी ही पेटी पुन्हा कोणी तरी उघडील. तेव्हा तो तुमच्याच घरातला असो की दुकानातला कारागीर, त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही.