मापक शून्य दाखवतो, म्हणजे धोका नाही?

गळीत हंगाम तोंडावर आला की सातारा-सांगली भागातल्या साखर कारखान्यांत बॉयलरची डागडुजी सुरू होते. वेल्डिंगचा जोड आतून पक्का आहे का, हे वरवर पाहून कळत नाही. म्हणून जोडाची फिल्म काढतात. त्यासाठी अनेकदा इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूचा इवलासा तुकडा वापरला जातो. काम संपले की तो लांब केबलने जड पेटीत परत ओढायचा आणि तो खरोखर आत आला का, हे हातातल्या मापकाने तपासायचे. समजा, मापकाचा आकडा शून्यावरून हललाच नाही. मग पेटी उचलून निघायचे का?

मुळीच नाही. पेटी कितीही जाड असली तरी तिच्या अगदी जवळ थोडे किरण जाणवतातच. तिथे चांगला मापक शून्य दाखवूच शकत नाही. अशा वेळी शून्याचा अर्थ एकच, मापकात काहीतरी बिघडले आहे.

हातात मावणाऱ्या अनेक मापकांत गायगर-म्युलर नळी असते. हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर या जर्मन शास्त्रज्ञांनी ती 1928 मध्ये तयार केली. नळीत कमी दाबाचा वायू आणि मधोमध एक तार असते. तारेला साधारण 400 ते 900 व्होल्टचा विद्युतदाब दिलेला असतो. किरणाने वायूला धक्का दिला की क्षणभर वीज वाहते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. हे टक् मोजणे, एवढेच मापकाचे काम.

बंद पडलेल्या मापकात आधी पाहायचे ते सेल. सेल उतरले तरी आकड्यांचा पडदा उजळलेला राहू शकतो, पण नळीला लागणारा दाब तयार होत नाही. मापक चालू दिसतो, मोजत मात्र काहीच नाही. सेलमधून पाझरलेल्या रसायनाचा थर पत्र्यांवर साचला असेल, तरी हेच होते. नळी वेगळी असून केबलने जोडलेली असेल, तर जोडणी सैल नाही ना, हे पाहावे. पावसाळ्यात कोयना खोऱ्यासारख्या दमट हवेत जोडणीत ओल शिरते आणि दाब वाटेतच गळतो. मापक हातातून पडला असेल, तर नळीच्या तोंडावरचा अभ्रकाचा पातळ पडदा तडकून वायू निघून गेलेला असू शकतो. तशी नळी दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. मात्र आत उच्च दाबाची वीज असल्याने मापक घरी उघडू नये.

सेल बदलल्यावर मापक खरोखर मोजतो का, हे कसे कळणार? पहिली कसोटी आपल्या पायाखालीच आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात युरेनियम आणि थोरियम ग्रॅनाइटच्या तुलनेत कमी असते, पण अजिबात नसते असे नाही. त्यात अवकाशातून येणाऱ्या किरणांची भर पडते. अजिंक्यताऱ्यावर असो की सांगलीत कृष्णेच्या घाटावर, धडका मापक अधूनमधून टकटकलाच पाहिजे. नळी लहान असेल तर पाच-दहा मिनिटे थांबून टक् मोजावेत.

दुसरी कसोटी शेतकऱ्याच्या गोदामात मिळते. उसाला आणि द्राक्षबागेला घातल्या जाणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाने सुमारे निम्मे पोटॅशियम असते. त्यातला अगदी थोडा भाग, 0.0117 टक्के, नैसर्गिकरीत्या किरणोत्सारी असतो. त्यामुळे या खताच्या एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला साधारण 15 अणू फुटतात. पोत्याला टेकवून दहा मिनिटे मोजले आणि नंतर दूर जाऊन तितकाच वेळ मोजले, तर फरक दिसायला हवा. खताला यासाठी घाबरायचे कारण नाही. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्येही हाच घटक आहे. ही घरगुती चाचणी मापक चालू आहे एवढेच सांगते, आकडा अचूक आहे की नाही ते नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीने प्रमाणीकरण करून घ्यावे लागते.

एक बिघाड मात्र बिघाडच नसतो. किरण फारच तीव्र असले, तर टक् इतके दाटीने येतात की नळीला सावरायला उसंत मिळत नाही. काही जुने मापक अशा वेळी थेट शून्यावर येतात. चेर्नोबिलमध्ये 26 एप्रिल 1986 च्या पहाटे हाताशी असलेल्या बहुतेक मापकांची मर्यादा इतकी कमी होती की खरी तीव्रता त्यांत मावलीच नाही. त्यांनी दाखवलेल्या आकड्यावर विसंबून अणुभट्टी शाबूत असल्याचा समज काही काळ टिकून राहिला. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ मापक लांबूनच चालू करतो, तो टकटकतो याची खात्री करतो आणि मगच पुढे पाऊल टाकतो. जवळ जाता जाता चढलेला आकडा अचानक गळून पडला, तर तिथे थांबून मापक ठोकत बसायचे नसते. आधी मागे फिरायचे.

पेरूमधील यानांगो येथील जलविद्युत प्रकल्पात 1999 मध्ये इरिडियमचा असाच एक तुकडा पेटीबाहेर राहिला. एका वेल्डरने तो उचलून मागच्या खिशात टाकला आणि काही तास तसाच वागवला. त्याचा पाय कापावा लागला. इरिडियमला ना वास असतो, ना त्याचा चटका लगेच जाणवतो. त्याची चाहूल देतो तो फक्त चालू असलेला मापक.

कामगारांच्या छातीवरचा बिल्लाही किरण नोंदवतो, पण त्याची नोंद प्रयोगशाळेत नंतर वाचली जाते. त्या क्षणी इशारा देण्याचे काम मापकाचेच. म्हणून तो गप्प बसला की दुसरा मापक येईपर्यंत दोरी बांधून माणसे लांब ठेवायची आणि किरणसुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचे. काम एक रात्र लांबले तरी हरकत नाही.