एका बुधवारच्या बदल्यात

जर्मनीत नोव्हेंबरातल्या एका बुधवारी पूर्वी सगळीकडे सुट्टी असे. प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा तो पश्चात्तापाचा आणि प्रार्थनेचा दिवस. 1995 साली बहुतेक देशाने ही सुट्टी सोडून दिली. घरच्या अपंग, आजारी, थकलेल्या माणसांच्या देखभालीसाठी पैसा उभा करायचा होता, म्हणून.

तेव्हाचे कामगारमंत्री नॉर्बर्ट ब्ल्यूम यांना देखभालीचा सक्तीचा विमा आणायचा होता. हप्ता निम्मा नोकरदाराने भरायचा, निम्मा मालकाने. मालकांचा सवाल होता की आमचा खर्च भरून कुठून निघणार? तोड अशी निघाली की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी जास्त काम करायचं. सॅक्सनी हे एकच राज्य अडून बसलं आणि आपला बुधवार त्याने राखला. त्याची किंमत तिथला नोकरदार अजून मोजतो. पुण्याहून ड्रेस्डेनला गेलेला, एक मूल असलेला अभियंता त्या बुधवारी घरी असतो; पण म्युनिकमधल्या, एकच मूल असलेल्या त्याच्या मित्राच्या पगारातून या विम्यासाठी 1.8 टक्के कापले जातात, तिथे याचे 2.3 टक्के जातात.

देशाने आपली एक सुट्टी दिली, आणि त्या पैशातून ज्यांना कधीच सुट्टी नसते त्यांना ती मिळू लागली. हा व्यवहार कळला तेव्हापासून तो माझ्या मनातून जात नाही.

समजा, एका घरात आठ वर्षांची मुलगी आहे. तिला चालता येत नाही, घास भरवावा लागतो, झटके येतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून दोन-तीनदा कूस बदलून द्यावी लागते. विम्याकडून तपासायला आलेला माणूस आधी एक वजाबाकी करतो: आठ वर्षांच्या कुठल्याही मुलीला आईची जेवढी गरज असते तेवढी बाजूला काढायची, आणि उरलेली मोजायची. त्यावरून 1 ते 5 मधली श्रेणी ठरते. या मुलीला चौथी मिळाली, तर महिन्याला 800 युरो येतात. कायद्याने ते मुलीचे. घरात ते आईच्या हाती जातात. जर्मनीतल्या पगारांच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी आहे आणि तिला पगार म्हणणं मला पटत नाही. पण आईच्या नावावर तिच्या म्हातारपणाच्या पेन्शनचा हप्ताही हाच विमा भरतो. मुलीची कूस बदलण्यात गेलेलं वर्ष सरकारी दप्तरात कामाचं वर्ष म्हणून चढतं.

आणि काम म्हटलं की रजा आलीच.

वर्षाला 3,539 युरो एवढी रक्कम फक्त विसाव्यासाठी राखलेली आहे. त्यातून घरी बदली माणूस आणता येतो किंवा मुलीला काही दिवस निवासी केंद्रात ठेवता येतं. बदली माणूस तासाला 20 युरो घेत असेल, तर वर्षाचे साधारण 177 तास होतात. आठवड्याला साडेतीन तासांना किंचित कमी. वर्षाचे एकूण तास 8,760. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहून जीव हबकतो, आणि तरीही ते साडेतीन तास मला फार मोलाचे वाटतात. शेजारीण आली तर हे पैसे तिला देता येतात. सख्खी आजी आली तर तिला देण्याची मर्यादा कमी, दोन महिन्यांच्या रकमेइतकी. पण तिचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी त्यावर धरता येते.

सगळ्यात सुंदर आहे तो आठ तासांचा नियम. आई पूर्ण दिवस बाहेर राहिली, तर तो दिवस वर्षाच्या आठ आठवड्यांच्या रजेत मोजला जातो आणि मधल्या दिवसांचे मासिक पैसे निम्मे होतात. पण ती आठ तासांच्या आत परतली, तर तो दिवस मोजतच नाहीत आणि मासिक रकमेला हातही लागत नाही. जातो तो फक्त बदली माणसाचा मेहनताना. ज्याने हे कलम लिहिलं, त्याला ठाऊक असणार की अशा घरातली आई आठवडाभर कुठे जात नाही. ती दात दाखवायला जाते. धाकट्याच्या शाळेतलं नाटक बघायला जाते. आणि खरोखरच आठवडाभर सुट्टीवर गेली, तरी तिच्या पेन्शनचे हप्ते चालू राहतात.

हे ज्या देशात घडलं त्याचा भूतकाळ विसरून पुढे जाता येत नाही. 1940 आणि 1941 या दोन वर्षांत नाझी राजवटीने मनोरुग्ण आणि अपंग अशा सत्तर हजारांहून जास्त माणसांना वायूने मारलं. हेसन राज्यातलं हाडामार हे त्यासाठी वापरलेल्या सहा ठिकाणांपैकी एक. त्याच राज्यात मारबुर्ग गावी 1958 साली टॉम मुटर्स नावाच्या डच माणसाने काही पालकांना आणि जाणकारांना जमवून ‘लेबेन्सहिल्फे’ ही संस्था उभी केली. तिच्या शाखा आज बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या घरी माणूस पाठवतात, म्हणजे आईबापांना बाहेर पडता यावं. ‘जगण्यायोग्य नाही’ असा शिक्का जिथे मारला जात होता, तिथेच अशा मुलाजवळ तीन तास बसायला कोणीतरी पगारावर येतं.

सगळं सुरळीत आहे असं नाही. पैसे मंजूर होतात, पण माणूस मिळत नाही. झटका आल्यावर न घाबरणारी, नळीने अन्न देता येणारी व्यक्ती शोधण्यातच महिने जातात. 2023 च्या अखेरीस देशात सुमारे 57 लाख माणसांना अशी देखभाल लागत होती. त्यातली 86 टक्के घरीच होती. पूर्वी घरच्या बदलीचे पैसे वेगळे आणि निवासी केंद्राचे वेगळे, अशा दोन पेट्या होत्या. एकीतले दुसरीत न्यायचे तर हिशेबात डोकं चालेनासं व्हायचं. 2024 मध्ये दोन्ही पेट्या एक केल्या, त्या आधी चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या मुलांसाठी आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठी. जुलै 2025 पासून दुसऱ्या श्रेणीपासून वरच्या सर्वांसाठी. सहा महिने सांभाळल्याशिवाय बदली नाही, ही जुनी अटही तेव्हाच गेली.

बदली माणसाच्या कलमात आईच्या गैरहजेरीची कारणं दिली आहेत. सुट्टी, आजारपण, आणि तिसरं: ‘किंवा इतर कारणं’. ती कोणती, हे कायद्याने कुठेच लिहिलेलं नाही. नदीकाठी एकटीने बसून कॉफी प्यायची असेल, तर तेही त्यात मावतं.