निर्यात वाढली म्हणजे देश श्रीमंत झाला?

गैरसमज : निर्यात म्हणजे कमाई, आयात म्हणजे तोटा. विकावे जास्त, घ्यावे कमी आणि फरकाचे सोने-चांदी तिजोरीत साठवावे, हे सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपीय व्यापारवादाचे सूत्र आजही बातम्यांतून डोकावते. वस्तुस्थिती मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या भरवेली खाणीने दाखवली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथले मँगनीज ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होते आणि ते बहुतांशी कच्चेच परदेशी पोलाद कारखान्यांकडे जाई. भारताचा एकूण परदेशी व्यापारही त्या काळी बहुतेक वर्षे शिलकीचा होता. व्यापारवादाच्या कसोटीवर देश सधन व्हायला हवा होता, पण तो गरीबच राहिला. दादाभाई नौरोजींनी १९०१च्या ग्रंथात त्याचे कारण मांडले : इंग्लंडमधला सरकारी खर्च, निवृत्तिवेतने, व्याज आणि नफा यांपोटी देशाची संपत्ती बाहेर जात होती. व्यापाराची शिलक कोणाच्या हाती पडली, हे शिलकीचा आकडा सांगत नाही.

गैरसमज : व्यापारवादी म्हणजे सोने साठवणारे अडाणी. वस्तुस्थिती अशी की, ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक थॉमस मन यांनी भारतात चांदी पाठवण्याचे समर्थन केले, कारण इथला माल युरोपात विकून त्याहून अधिक चांदी परत येई. कच्चा माल आणावा, पक्का विकावा, हा आग्रहही व्यापारवाद्यांचाच. इंग्लंडने १७००मध्ये भारतीय छापील कापडाच्या आयातीवर बंदी घातली, ती याच विचारातून. पुढे ब्रिटन खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता झाला, तरी वसाहतीने कच्चा माल पुरवायचा हा साचा टिकला. भरवेली त्याच साच्यातली.

यावर आक्षेप येईल : परकीय चलन नको का? हवेच. १९९१च्या संकटात आयातीचे पैसे भागवणे किती कठीण होऊ शकते, ते देशाने अनुभवले. पण चलन हे देणी भागवण्याचे साधन आहे, संपत्तीचे माप नव्हे. ॲडम स्मिथ यांनी १७७६मध्ये हाच भेद स्पष्ट केला. भरवेलीचा साचाही पुढे बदलला : १९६२मध्ये मँगनीज काढणारी मॉइल ही कंपनी स्थापन झाली, १९७७मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली आणि पुढे बालाघाटमध्ये खनिजावर प्रक्रिया करून फेरोमँगनीज या मिश्रधातूचे उत्पादनही सुरू झाले. आज भारत मँगनीजची मोठी आयात करतो. वहीत तो खर्च दिसतो, पण त्याच खनिजावर इथल्या पोलादाचे उत्पादन आणि रोजगार उभे राहतात. म्हणून निर्यातीचा आकडा वाचताना प्रक्रिया कुठे झाली, नफा कोणाकडे गेला आणि खाणीच्या जिल्ह्यात काय उरले, हे विचारल्याशिवाय देश श्रीमंत झाला असे म्हणू नये.