रिपोर्टमध्ये एक औषध, चिठ्ठीवर दुसरंच! गोळी बदलण्याआधी हे वाचा

नांदेड/लातूर : लघवीचा, रक्ताचा किंवा जखमेतल्या पूचा कल्चर रिपोर्ट आता बऱ्याचदा मोबाईलवरच येतो. घरचे त्यात डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव शोधतात. नाव सापडत नाही. मग गोळी बंद होते, नाहीतर रिपोर्टमधलं नाव दाखवून मेडिकलवरून दुसरी आणली जाते. दोन्हीत हाल पेशंटचेच.

लॅबमध्ये जंतू थाळीत पसरवून त्यावर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेली गोल जागा मिलिमीटरमध्ये मोजतात. 'एस' म्हणजे औषध लागू पडेल, 'आर' म्हणजे पडणार नाही. पण काही वेळा द्यायच्या औषधापेक्षा त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या औषधाची चकती खरं सांगते.

टायफॉइडचंच घ्या. सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालेल का हे बघायला पेफ्लॉक्सॅसिनची चकती लावतात. जंतू थोडाच निर्ढावलेला असेल तर सिप्रोच्या चकतीवर ते झाकलं जाऊ शकतं, पेफ्लॉक्सॅसिनवर उघडं पडतं. गोल 24 मिमी किंवा जास्त भरलं तर सिप्रो चालेल. 23 किंवा कमी भरलं तर सिप्रोवर भरवसा नाही.

पू झालेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू नेहमी सापडतो. तिथे सेफॉक्सिटिनची चकती असते. 'हे औषध तर आपल्याला दिलंच नाही' म्हणून लोक ती ओळ सोडून देतात, आणि खरी गोष्ट त्याच ओळीत असते. गोल 21 मिमी किंवा कमी असेल तर जंतू 'एमआरएसए' धरतात. मग सेफॅलेक्सिन, अमॉक्सिक्लॅव या नेहमीच्या गोळ्या कितीही खाल्ल्या तरी उपयोग नाही.

हा हिशेब उलटा मात्र नेहमी लागत नाही. टेट्रासायक्लिनला 'एस' आलं तर डॉक्सीसायक्लिनही लागू पडतं. 'आर' आलं म्हणून डॉक्सी वाया गेलं असं नाही, त्याची वेगळी तपासणी करता येते. लघवीच्या साध्या संसर्गात सेफाझोलिन या इंजेक्शनवरून सेफॅलेक्सिनसारख्या गोळ्यांचा अंदाज घेतात. जंतुसंसर्ग किडनीपर्यंत किंवा रक्तात गेला असेल तर तो अंदाज धरत नाहीत.

रिपोर्ट आणि चिठ्ठी जुळत नसेल तर दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, 'ही गोळी रिपोर्टमधल्या कोणत्या ओळीवरून दिली?' नांदेडच्या विष्णुपुरीतील आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत. तिथे उपचार सुरू असतील तर शंका आल्यावर तुमचे डॉक्टर या विभागाशी बोलू शकतात. तोवर सुरू असलेली गोळी मनाने बंद करू नका. अंगावर पुरळ आलं किंवा दम लागला तर मात्र लगेच दवाखाना गाठा.