गाण्याचं खातं कुणाच्या नावावर?

यावलहून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. त्याच्या पलीकडे निमाड आणि निमाडातून वाहणारी नर्मदा. आमची नदी तापी. पण रेवामाईची परिक्रमा करून आलेली माणसं आमच्याकडेही भेटतात. त्या नर्मदेचं एक गाणं मात्र खान्देशातल्या घरांत डोंगर उतरून नव्हे, दिल्लीला वळसा घालून आलं.

'इंडियन ओशन' हा दिल्लीचा बँड सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी १९९० साली उभा केला. त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम २००० साली आला. शीर्षकगीत म्हणजे सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्राचीन प्रार्थना आणि तिच्या सोबतीला 'मा रेवा' हे नर्मदाकाठचं लोकगीत. बँडमधले राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टरेट, पण काही काळ नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेले. गाणं तिथूनच त्यांच्याबरोबर आलं.

अल्बम गाजला. तरुणांनी डोक्यावर घेतला, जाणत्यांनीही मान डोलावली. 'फ्यूजन' हा शब्द तेव्हापासून या बँडला चिकटला तो चिकटलाच. अशा अल्बमवर लिहिताना गिटार आणि तबल्याचा मेळ कसा जमला, याचीच चर्चा अधिक होते. ती व्हावीच. पण माझी सगळी नोकरी बँकेच्या खतावणीत गेली. माझी नजर रकमेआधी खातेदाराच्या नावावर जाते. आणि तिथे एकच शब्द असतो: 'पारंपरिक'. वर्षानुवर्षं कुणी हक्क न सांगितलेली ठेवच जणू!

नाव लागलं की काय होतं, हे आपल्या खान्देशाला वेगळं सांगायला नको. जवळच्याच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी टिपली गेली, मुलगा सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या. स्वतःचं कौतुक त्यांना पाहायला मिळालं नाही. पण खातं त्यांच्याच नावावर राहिलं. त्यांच्यासारख्याच जात्यावर गाणाऱ्या किती जणींची नावं पिठाबरोबर उडून गेली, कोण मोजणार?

म्हणून बँडला दोष द्यायचा का? मुळीच नाही. कर्ता ठाऊक नसेल तर नाव लावणार तरी कुणाचं? शिवाय या मंडळींनी २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड'ची गाणी इंटरनेटवर फुकट दिली. २०१४ च्या 'तांदानू'नंतर नऊ वर्षांनी, २०२३ मध्ये, 'तू है' आणला. घाईचा धंदा करणारी ही माणसं नव्हेत.

प्रश्न आपणा ऐकणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा आहे. सरदार सरोवर २०१९ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत प्रथमच पूर्ण भरलं. नर्मदाकाठची गावं पाण्याखाली गेली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलीही त्यांत आहेत. माणसं विखुरली, घाट बुडाले. गाणं मात्र दिवाणखान्यात वाजतं आहे, आणि ते ऐकताना आपल्याला त्या काठाची आठवणही होत नाही.

परीक्षण लिहिणाऱ्याने गिटारीवर चार ओळी खुशाल खर्चाव्यात. पाचवी ओळ त्या काठासाठी राखावी: हे गाणं कुठलं, तिथे ते कोण गात होतं आणि ती माणसं आज कुठे आहेत? खातेदाराचं नाव नाही सापडलं, तर निदान गावाचा पत्ता तरी लिहिला जाईल.